भागिरथेच्या मावशीचं दुखणं

लग्नाच्या मुलीची काळजी कुठल्या आईला नसते? पण वच्छलाबाई पडघान यांच्या काळजीला आठ पाय होते आणि आठही पायांवर दाट तपकिरी केस होते.

ही काळजी राहायची स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, तळाशी चांगली वीतभर माती, मातीत एक तिरकं बीळ. बिळाच्या तोंडाशी ती तळहाताएवढी पसरून बसलेली असे. गल्लीतले लोक तिला कातीण म्हणत, कुणी मोठा कोळी म्हणत. वच्छलाबाई ज्या शाळेत शिकवत तिथल्या एका जाड पुस्तकात तिच्या जातीला टॅरँटुला असं भारदस्त नाव दिलेलं होतं. त्यांची मुलगी भागिरथा मात्र तिला मावशी म्हणायची.

"मावशीच काहून व?" वच्छलाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"कोपऱ्यात फुगून बसते, कोनाशी बोलत नाही, आन् जेवाले दिसलं का झडप घालते. धुरपतामावशी नाही का तशीच?"

धुरपता ही वच्छलाबाईंची सख्खी बहीण. पण उपमा इतकी नेमकी बसली की त्यांना धड रागावताही आलं नाही.

मावशी आली मेडशीहून, वच्छलाबाईंच्या माहेराहून. भाऊ ग्यानबा शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, एक दगड हलवत होता, त्याखालून ती निघाली. गड्यांनी काठ्या उचलल्या. सुट्टीला आलेल्या भागिरथेनं पुढे होऊन तिच्यावर पाण्याचा गडवा पालथा घातला आणि त्यावर स्वतः बसली. काठ्या खाली पडल्याशिवाय उठली नाही. संध्याकाळी जेवणाच्या डब्यात घालून तिनं ती वाशिमला आणली, तीही बापाच्याच गाडीतून. माणिकराव एसटीत कंडक्टर. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, तिकिटांच्या पेटीवर पंच आपटला आणि म्हणाले, "हिचं तिकीट फाडा लागन. आठ पाय म्हंजे चार सिटा."

भागिरथा लहानपणापासून अशीच. इतर पोरी बाहुलीचं लग्न लावायच्या तेव्हा ही दगड उलथून खाली कोण राहतं ते पाहायची. पाहून झालं की दगड होता तसा परत ठेवायची. "त्याईचं घर हाय ना, आई," म्हणायची. वच्छलाबाईंना वाटलं होतं, शाळेत गेली की जाईल हे वेड. शाळा झाली, कॉलेजचं एक वर्ष झालं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. दगड तेवढे सुटले, त्यांच्याऐवजी डबा आला.

त्या काळी, म्हणजे शहात्तर सालच्या सुमाराला, वाशिमात फोन करायचा तर हँडल गरगर फिरवून रिसीव्हर उचलावा लागे. मग पलीकडून एक आवाज येई, "नंबर?" दिवसपाळीला हा आवाज भागिरथेचा. साऱ्या तालुक्याला आवाज ओळखीचा, चेहरा कुणालाच नाही. कापसाचे व्यापारी कॉलची वाट पाहता पाहता तिलाच विचारत, "ताई, पाऊस येईन का वो आज?" जणू ती ढगात बसून तारा जुळवत होती. कुणाच्या घरी मुलगा झाला, कुणाचा सासरा गेला, कुणाची गाडी मालेगावच्या घाटात पडली, सगळं तिच्या हातून पुढे जायचं. जोडणी झाली की ऑपरेटरनं ऐकायचं नसतं असा नियम होता. भागिरथा तो पाळायची. म्हणूनच कदाचित तिच्याजवळ सांगायला कधी काही नसायचं.

"दिवसभर कानात लोकं बोलून राह्यतेत," ती घरी आल्यावर डब्याचं झाकण काढत म्हणायची. "घरी कोनतरी न बोलनारं पायजे."

"मी बोलते ते जास्त होते का तुले?"

"तू आई हायस. तुले नियम नाही."

लोकांची बोलणी जुळवण्यात तिचे दिवस जात होते. तिच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी मात्र जुळता जुळता तीनदा तुटली होती, आणि तिन्ही वेळा मधे हा डबा आला होता. पहिला मुलगा मावशीला पाहून पलंगावर चढला आणि वाटाघाटी त्यानं तिथूनच केल्या. दुसऱ्यानं, "हे जनावर सासरी आणायचं नाही," अशी अट घातली. भागिरथा म्हणाली, "मंग मी बी नाही." तिसऱ्या वेळी वच्छलाबाईंनी डबा मोतीबाईच्या घरी लपवला. मोतीबाई शेजारीण, भिंतीला भिंत. भागिरथेनं पोह्यांच्या बश्या मांडल्या, शांतपणे मोतीबाईकडे गेली आणि डबा आणून पोह्यांशेजारी ठेवला. "घरात जे हाय ते समदं पाहून घ्या," म्हणाली.

वच्छलाबाईंना रात्रंदिवस एकच घोर. या पोरीला समजून घेणारं कुणी भेटणार आहे का? बरं, ती दुःखी असती तर समजूत तरी घालता आली असती. ती छान होती. हीच तर मोठी पंचाईत होती.

मग माणिकरावांनी जगदेव आणला.

जगदेव इंगोले कारंज्याचा. हिवतापाच्या फवारणी पथकात होता. खाकी कपडे, पाठीवर पंप, गावोगाव घरांच्या भिंतींवर औषध मारत जायचं. माणिकरावांच्या गाडीत तो नेहमी चढायचा. "पंप टपावर टाकत नाही, मांडीवर घेऊन बसते," माणिकरावांनी घरी येऊन सांगितलं. "वस्तूची कदर करनारा पोरगा हाय."

"अवो, पन तो किडे मारते ना!" वच्छलाबाई म्हणाल्या. "कसायाच्या घरी बकरी देता का?"

"कातीन देऊन राह्यलो का पोरगी?"

"तुमची पोरगी एकटी जाईन का? दोघी संगच जातीन!"

पण माणिकराव ऐकायचे नाहीत. एका रविवारी जगदेव आणि त्याचे वडील आले. जयभीम झाला, पाणी झालं. जगदेवनं पिशवीतून सुतळी बांधलेला मिठाईचा पुडा काढून वच्छलाबाईंच्या हातात दिला. कारंज्याचे पेढे असणार म्हणून त्या आनंदानं आत गेल्या, ताट घेतलं, सुतळी सोडली.

आतून दोन रातकिडे बाहेर आले आणि चुलीकडे निघाले. पळाले नाहीत, उडी नाही, निवांत निघाले. पुड्यात आणखी बरेच होते.

वच्छलाबाईंची किंकाळी बैठकीत पोचली तसा जगदेव दारात येऊन उभा राहिला. कानशिलं लाल झालेली. "माफ करा जी. सांगाचं राहून गेलं. पेढे नाहीत, ते तिच्यासाठी हायेत. काका गाडीत म्हनले का घरात एक मावशी हाय, तिले जिवंत खायाले लागते. मी सोताच्या हातानं धरले. लई गरीब किडे हायेत जी, एक बी उडाला नाही."

बैठकीतून हसू ऐकू आलं. भागिरथेचं. पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीनं असं खळखळून हसायचं नसतं, हे वच्छलाबाई विसरल्या आणि चुलीपाशी बसून राहिल्या. हे हसू त्यांनी किती वर्षांनी ऐकलं होतं! एक्स्चेंजमध्ये जाणारा आवाज एक होता आणि हा दुसराच होता.

जगदेवनं मावशी पाहिली. हात पाठीमागे बांधून, वाकून, बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "हिले उजेड कमी लागते काय?" भागिरथेनं उत्तर दिलं. त्यानं आणखी विचारलं. तिनं आणखी सांगितलं. पोहे थंड झाले. जाताना तो म्हणाला, "पुडा संपला का सांगजा." पाहुणे वळणावर दिसेनासे झाले तशी भागिरथा आईला म्हणाली, "हो म्हन त्याईले."

इतकंच. त्या दिवशी वच्छलाबाईंनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरल्या.

रातकिडे काचेच्या बरणीत ठेवले. भागिरथा रोज एक-दोन मावशीला द्यायची. धावपळ करावी लागत नव्हती, किडा समोर येऊन उभाच राहायचा. मावशी खूश होती. जवळजवळ आठवडाभर.

मग एका दुपारी वच्छलाबाई खोली झाडत होत्या, तर मावशी बिळाबाहेर. भर उजेडात ती कधी बाहेर येत नसे. एक पाय वर उचललेला, तो खाली टेकायचा विसरल्यासारखा लोंबत होता. मग तिनं चालायला सुरुवात केली, आणि चालणं काही जमेना. चार पाय पुढे, चार पाय भलतीकडे. सबंध अंगाला झटका बसायचा, थांबायचा, पुन्हा बसायचा. ती गोल गोल फिरली, पाण्यासाठी ठेवलेल्या पसरट झाकणात तोंडावर पडली आणि तिला निघता येईना. वच्छलाबाईंनी आयुष्यात तिला हात लावला नव्हता. त्यांनी लाटणं आणलं, एक टोक पाण्यात धरलं, आणि मावशी थरथरत लाटण्याला धरून बाहेर आली. ते लाटणं त्यांनी पुन्हा स्वयंपाकाला घेतलं नाही, पण टाकूनही दिलं नाही.

भागिरथा कामावरून आली आणि तशीच डब्याशी बसली.

"कात टाकून राह्यली असन," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाही. कात टाकताना ती पाठीवर निजते आन् गप पडते. आपलं हातपाय ताणते. हे तसं नाही, आई. तिले पाय कुठं टाकावं ते समजून नाही राह्यलं. डोस्क्यातून पायात तार जाते ना, ते कुठंतरी तुटली."

दुसरी कुणी मुलगी लकवा म्हणाली असती. ही तार म्हणाली.

मग सुरू झाली शुश्रूषा. सगळ्यात आधी खाणं बंद. पाय तोंडाशी पोचत नाहीत तर खाणार कशी? पाण्याचं झाकण काढलं, त्याऐवजी कापसाची ओली वात तोंडाजवळ धरायची. डब्याच्या पत्र्यावर आपटू नये म्हणून आतून जुन्या लुगड्याची मऊ घडी लावली. वरून काळं फडकं. घरात मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. माणिकरावांना खोकलासुद्धा बाहेरच्या ओट्यावर जाऊन काढावा लागे. "माह्या मायच्या आजारपनात बी इतकं नव्हतं केलं कोनी," ते म्हणत. पण जात ओट्यावरच.

भागिरथा कामावर असताना वात धरायचं काम वच्छलाबाईंकडे आलं, शाळा सकाळची होती म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी वात चिमट्यात धरली आणि चिमटा हातभर लांब. मग हळूहळू चिमटा आखूड होत गेला. पाणी लागलं की मावशीचे तोंडाजवळचे दोन छोटे हात हलायचे, आणि वच्छलाबाई आपल्याही नकळत म्हणायच्या, "पी माय, पी."

भागिरथेचा जीव मात्र तिकडे एक्स्चेंजच्या बोर्डावर लागत नसे. गल्लीत फोन एकच, समोरच्या लालसिंगच्या मोटारच्या सुट्या भागांच्या दुकानात. जरा सवड मिळाली की ती तिथं फोन लावी. लालसिंग अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. तो रिसीव्हर तसाच हातात धरून दारात येई आणि गल्लीभर ओरडे:

"वच्छलाबाई! मावशीची तब्येत कैसी हाय, पोरगी पुसून राह्यली!"

"पानी घेतलं म्हना!"

"पानी घेतलं! झटके?"

"कमी हायेत!"

"झटके कमी! बेटी, फिकर मत कर!"

आता इतकं ऐकल्यावर गल्लीला काय वाटणार? दोन दिवसांत मोतीबाई मोसंबी घेऊन हजर. पदरानं डोळे पुसतच आत आली. "कायची झाली व धुरपताबाईले? कवा आनलं तिले मेडशीहून? कुठं निजवलं?"

वच्छलाबाईंनी फडकं बाजूला केलं.

मोतीबाईच्या हातातली मोसंबी चारी दिशांना गेली. पण बाई हुशार. धक्का ओसरल्यावर ती कंबरेवर हात ठेवून वाकली आणि डब्यात नीट पाहू लागली. मावशी तेव्हा डावीउजवीकडे डुलत होती, मधूनच झटका खाऊन थांबत होती.

"अवो बाई, हे तर घुमून राह्यली! हिच्या अंगात आलं."

"काहीतरीच काय मोतीबाई."

"मंग नजर लागली. पाव्हने आलते ना तुमच्याकडे? डोळा लावून पाहे तो पोरगा, म्या खिडकीतून पाह्यलं. पाव्हन्याचीच नजर हाय. मीठ-मोहऱ्या उतरवा."

"आमच्यात नाही चालत ते. आमी दीक्षा घेतली तवापासून मोहऱ्या फक्त फोडनीत."

"तुमी घेतली असन. कातिनीनं कुठं घेतली?"

बी.ए. झालेल्या वच्छलाबाई यावर चहा टाकायला उठल्या. मोतीबाईला त्यांनी चहा पाजला, मोसंबी वेचून परत दिली आणि संध्याकाळी हा किस्सा भागिरथेला सांगितला. दोघी खूप हसल्या, आवाज न करता, तोंडाला पदर लावून.

हसायला जागाही होती, कारण मावशी सावरत होती. चार-पाच दिवसांच्या उपासानंतर झटके विरळ झाले. एका सकाळी ती आठही पाय नीट टाकत बिळात गेली. भागिरथेनं आनंदानं बरणी काढली आणि दोन रातकिडे डब्यात सोडले. मावशीनं ते घेतलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा गोल फिरत होती. आधीपेक्षा वाईट.

भागिरथा त्या दिवशी रडली. मोठं रडणं तिच्यात नव्हतंच. ती डब्याशेजारी बसून वात भिजवत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढंच. "कशानं होऊन राह्यलं ते समजलं असतं तं बरं होतं," ती म्हणाली. "चूक समजली का तार जोडता येते."

कारण वच्छलाबाईंना दोन दिवसांनी सापडलं, आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

गल्लीत फवारणीचं पथक आलं होतं. वाशिमचंच, जगदेवचं नव्हे. पडघानांच्या घरी भागिरथा त्यांना कधीच आत येऊ देत नसे. दार लावून घ्यायचं हा वच्छलाबाईंना कायमचा हुकूम होता. पथक मोतीबाईकडे गेलं, भिंती पांढुरक्या करून, दारावर गेरूनं तारीख टाकून पुढे निघून गेलं. थोड्या वेळानं मोतीबाईची हाक आली. "या वं, तमाशा पाहा!"

अंगणात झुरळं निघाली होती. भिंतींच्या फटींतून, चुलीमागून. आणि एकही धावत नव्हतं. कुणी एक पाय वर धरून उभं, कुणी गोल गोल फिरतंय, कुणाला झटके बसताहेत. मोतीबाईनं दोन बोटांनी एक उचललं, त्यानं पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"पाहा कसे गरीब झाले," मोतीबाई म्हणाली. "एरवी हाती लागत नाहीत."

गरीब. हाच शब्द. वच्छलाबाई अंगणात उभ्या होत्या तशाच राहिल्या. *लई गरीब किडे हायेत जी, एक बी उडाला नाही.* कुठं धरले असतील त्यानं ते रातकिडे? जिथं तो दिवसभर असतो तिथंच. औषध मारलेल्या घरात, भिंतीतून आपोआप बाहेर आलेले, हातात येऊन बसणारे. बिचाऱ्याला वाटलं, कातिणीचं नशीब की किडे आज सोपे मिळाले. औषध मारून मारून त्याला औषधाचं भानच उरलं नव्हतं. हलवायाला कुठं गोडाचा वास येतो?

मोतीबाई बरोबरच होती म्हणायची. पाहुण्याचंच लागलं होतं. नजर नव्हे, हात.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते बरणीचं. उरलेले रातकिडे लांब नेऊन पुरले, बरणी राखेनं घासली, डब्यातली माती बदलली. मेडशीहून ग्यानबानं गाडीतून पोतंभर माती पाठवली होती ती घातली. भागिरथेला सांगितलं, "किडे मेले सारे." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

पण पुढे? माणिकराव रात्रीच्या गाडीवरून आले ते निरोप घेऊनच. "जगदेव भेटला होता. रविवारी तारीख काढाले येतो म्हने. आन् मावशीले ताजा पुडा आनतो. दवाखान्यातल्या पेशंटासारखी इचारपूस करे, लई जीव लावते पोरगा."

वच्छलाबाईंनी त्यांना ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. माणिकरावांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"गप राय," ते शेवटी म्हणाले. "चवथ्या वेळेले जुळून राह्यलं. गाडी सुटल्यावर घंटी नाही मारत."

"चुकीच्या गाडीत बसली असन तं?"

"मंग पुढच्या स्टापावर उतरन."

"पुढचा स्टाप लग्न होय. तिथं उतरता येते का?"

"मी पुडा दारातच घेऊन घेतो. तिकडंच फेकतो."

"ह्या रविवारी फेकसान. लग्नानंतर कोन फेकन? तुमी कारंज्याले जासान का रोज, जावयाचे किडे तपासाले?"

माणिकराव टोपी घालून आत गेले. वच्छलाबाई मात्र मनात दोन्हीकडून भांडत राहिल्या. सांगितलं तर भागिरथा काय करेल हे त्यांना माहीत होतं. ती ओरडणार नाही, डबा उचलून मांडीवर घेईल आणि "नाही" म्हणेल. आणि मग पाचवा मुलगा येणार नाही. ज्याच्यामुळे ती हसली त्याच्याच हातून मावशी मरायला टेकली, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर? तर मुलगी आयुष्यभर अशा माणसाजवळ राहणार की ज्याच्याबद्दल आईला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. लोकांच्या हजार गोष्टी जिच्या हातून गेल्या, तिची स्वतःची गोष्ट तिच्यापासूनच लपवून ठेवायची. शिवाय त्या पोराचं काय? तो प्रेमानं पुडा बांधणार, आणि सासऱ्यानं तो दारात पळवायचा. म्हणजे त्याला गुन्हेगार ठरवायचं, तेही न सांगता.

आणि खरी गोष्ट वेगळीच होती. तो चुकला यात काही बिघडलं नव्हतं, चुकतं माणूस. चूक कळल्यावर तो काय म्हणतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. "हात्तिच्या, कातीनच तं हाय," म्हणाला तर? तसं म्हणाला तर मोडलेलं बरं, चवथ्यांदा का असेना. पण नाही म्हणाला तर? तो काय म्हणतो हे आईनं ऐकून काय उपयोग, आई काय लग्न करणार होती?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वच्छलाबाई घरी आल्या, मावशीला पाणी पाजलं. झटके होते, पण मधली उसंत जरा लांबली होती. फडकं नीट केलं, पातळ बदललं आणि रस्ता ओलांडून लालसिंगच्या दुकानात गेल्या.

"आओ आओ," लालसिंग म्हणाला. "आज मीच नाही ओरडलो तं तुमीच आल्या?"

"ट्रंक कॉल लावाचा हाय. कारंज्याले."

"वो तो संध्याकाळी लावा ना. पाळी बदलली का लाइन खाली राह्यते. अभी तुमची पोरगीच बसली असन बोर्डावर."

"म्हनूनच आता लावाचा हाय."

लालसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी समजल्यासारखं केलं आणि गिऱ्हाइकाला घेऊन दुकानाच्या पार मागच्या कोपऱ्यात टायरं दाखवायला गेला. वच्छलाबाईंनी हँडल फिरवलं. 

"नंबर?"

"मी होय. तुही माय."

"मावशी?" आवाज एकदम खाली आला.

"पानी घेतलं तिनं. बरी हाय कालच्यापक्षा. मले कारंजा लावून दे. अर्जंट. फवारणीचं हापिस, जगदेव इंगोलेले बोलवा म्हना."



"त्याईच्याशी तुले काय बोलाचं हाय?"

"हाय बोलाचं. लाव."

"लावते." मग ऑपरेटरच्या आवाजात, "जोडनी झाली का मी कान काढून घेईन. आमाले ऐकता येत नाही, आई. नियम हाय."

"मले माहीत हाय नियम," वच्छलाबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस नको काढू."